आठवण मालकाची, ऊन ड्रायव्हरचं

गेला विकांत हिंगोलीत गेला. मामांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये, तुझं इंजिनिअरिंग कामाला लावायचंय." मला वाटलं, पुन्हा कुणाचा तरी लॅपटॉप फॉरमॅट करायचा असेल. पोचलो तर मामा थेट गॅरेजवर घेऊन गेले. तिथे चिंचेखाली दोन अर्ध्या गाड्या उभ्या होत्या.

पहिली अर्धी म्हणजे आजोबांच्या टाटा १२१० ची केबिन. चेसिस केव्हाच भंगारात गेली, पण केबिन मामांनी जाऊ दिली नाही. दुसरी अर्धी म्हणजे मामेभावाने जुन्या बाजारातून घेतलेली बीएस-६ गाडी. अपघातात केबिन चेपलेली, पण फ्रेम सरळ आणि इंजिन ठणठणीत. कंपनीची नवी केबिन महाग पडते. तेव्हा मामांचा बेत असा, की जुनी केबिन नव्या चेसिसवर चढवायची. पैसेही वाचतील आणि आजोबांची गाडी पुन्हा हळद घेऊन सांगलीला जाईल!

खरं सांगतो, ऐकून मीही विरघळलो. लहानपणी त्या केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून मी नांदेडपर्यंत गेलोय. बूड भाजायचं, पण जागा सोडायचो नाही. तरीही माझं मत विरोधात गेलं. ते का, हे सांगायलाच हा लेख.

आधी मामांची बाजू. १९५४ मध्ये टेल्कोचा डायम्लर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला. बोनेटवरची चांदणी गेली, तिथे T आला, पण तो गोल नाकाचा चेहरा पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. १२१० म्हणजे १२ टन वजन आणि १०० अश्वशक्ती, असा साधा हिशोब. पण गंमत अशी की आपल्याकडे कंपनी बहुतेक वेळा अख्खा ट्रक देतच नसे. इंजिन, चेसिस आणि समोरचा पत्र्याचा चेहरा, बस्स. तोंडाला फडकं बांधून ड्रायव्हर ती उघडी चेसिस शेकडो किलोमीटर चालवत आणायचा आणि मग सुतार, वेल्डर, पेंटर मिळून केबिन उभी करायचे. म्हणजे एकाची चेसिस आणि दुसऱ्याची केबिन हा आपल्याकडे उद्योग नव्हे, रिवाजच होता. मामा म्हणाले, "तवा चालायचं, मग आता का चालंना?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर आमच्या धंद्यातलं आहे, इंटरफेस बदलला. जुन्या गाडीत केबिन आणि चेसिस यांच्यात बोलणं फार कमी होतं. स्टिअरिंगचा दांडा, तीन पेडल, गिअरचा दांडा आणि चार वायरी. आता बीएस-६ मध्ये (१ एप्रिल २०२० पासून) ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा वायरीने बोलतं. एबीएसचा दिवा, युरिया संपत आल्याची सूचना, इंजिनाच्या कॉम्प्युटरची तक्रार, हे सगळं डॅशबोर्डवर येतं. ते जोडलंच नाही तर युरिया संपेल, गाडीची ताकद कमी होईल आणि घाटात कळणारही नाही की का. लेगसी फ्रंटएंड नव्या बॅकएंडवर चढवलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

हे झालं वायरीचं. लोखंडाचं त्याहून अवघड. खड्ड्यात ट्रकची फ्रेम पिळते, तिने पिळायलाच हवं. म्हणून केबिन रबरावर बसवतात. बोल्ट घट्ट आवळून बसवली की तो पीळ केबिनमध्ये चढतो आणि दाराच्या खांबाला चिरा पडतात. ब्रॅकेटसाठी फ्रेमच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडलं की तिथूनच पुढे तडा जातो. आणि जुन्या केबिनमध्ये स्टिअरिंगचा कोन जुळत नाही म्हणून दांडा कापून वेल्डिंग केलं, तर तो वेल्ड कधी सुटेल याची तारीख कुणी सांगू शकत नाही.

तिसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करण्यावर बंधन घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. व्हिंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं तर २०२१ च्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातच हवी, शिवाय तिच्यावर धंदा करता येत नाही. म्हणजे नवी म्हणून चुकीची आणि जुनी म्हणूनही चुकीची. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

मामा ऐकून घेत होते. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "भाच्या, औंढ्याचं देऊळ बघितलंस ना? खाली जुना कोरीव दगड, वर शिखर मागाहून बांधलेलं. जुनं-नवं जोडलंच की! देव राहिलाच ना त्यात?"

मी गप्प झालो. उत्तर रात्री सुचलं. औंढ्याला नागनाथाच्या देवळाचं काम पुढे नेणाऱ्यांनी खालचा दगड किती भार पेलेल ते बघूनच वर बांधलं असणार. आणि देऊळ काही कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर साठच्या वेगाने पळत नाही. :)

पण खरा मुद्दा हाही नाही. आठवण आमची आहे. आत बसणार पगारी ड्रायव्हर. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. त्या केबिनमध्ये निम्मं इंजिन आत, गुडघ्याला खेटून. मी तिथे हौसेने बसायचो, तेही नांदेडपर्यंत. तो रोज बसणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला. आमच्या गाडीला तो नियम लागू नाही, कबूल. पण अख्खा देश ड्रायव्हरला सावलीत आणू पाहत असताना आपण त्याला पुन्हा भट्टीत बसवायचं, आणि त्याला आजोबांचं प्रेम म्हणायचं?

रविवारी सकाळी मी मामेभावाला विचारलं, "ज्याला बसायचंय त्याला विचारलं का?" विचारलं नव्हतं. ड्रायव्हर तिथेच चहा घेत उभा होता. म्हणाला, "मालक, तुमी म्हनताल तसं. फकस्त दार नीट लागाया पाहिजे."

बास. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून जुन्या केबिनचं दार दोनदा आपटून पाहिलं. लागलं नाही.

ठरलं ते असं. केबिन कंपनीचीच घ्यायची, दोन हप्ते जास्त गेले तरी. जुन्या केबिनच्या कपाळावर पेंटरने काढलेलं आजोबांचं नाव तसंच नव्या केबिनवर काढून घ्यायचं. आणि जुनी केबिन आखाड्यावर न्यायची, विटांच्या चौथऱ्यावर. हळद शिजवायच्या दिवसांत रात्री तिथे कुणीतरी थांबावंच लागतं. तिथे ती पुन्हा कुणालातरी आडोसा देईल आणि कुणाचा जीव धोक्यात घालणार नाही.

जुनं जपावं, याबद्दल वाद नाही. पण ते जपायचा त्रास दुसऱ्याच्या अंगावर टाकत असू, तर त्याला जपणं म्हणू नये.

असो. उद्या सोमवार. आमच्याकडेही एक जुनं मॉड्यूल नव्या सर्व्हरवर चढवायचं घाटतंय. मी मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारणार आहे, हे वापरणार कोण, त्याला विचारलं का?