मंडाले ते रत्नागिरी

दिवाळीच्या सुटीत कोठे जायचे, हा वाद आमच्या घरी दसऱ्यालाच सुरू होतो. यंदा सौ.ने निकाल दिला, "रत्नागिरी!" चिरंजीवांना समुद्र हवा होता, कन्येला किल्ला, आणि मराठीच्या मास्तराला काय, टिळकांचे जन्मघर पुरे!

रत्नागिरीने कोणालाच नाराज केले नाही. मांडवीच्या काळ्या वाळूत चिरंजीव मनसोक्त लोळले. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन झाले. मिरकरवाड्याच्या बंदरात सौ.ने नाकाला पदर लावला खरा, पण सुरमईचा भाव विचारल्यावाचून तिला राहवले नाही.

परंतु वाचकहो, मनात घर करून राहिला तो थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या गादीवरून खाली ओढले आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा बांधून झाला १९१० साली, म्हणजे बंदिवासाची चोवीस वर्षे उलटल्यावर! पुढे सहाच वर्षांनी, १९१६ मध्ये, राजाने येथेच डोळे मिटले.

आता योगायोग पाहा. याच गावी १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा त्याच सरकारने त्यांना पाठवले कोठे? तर मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. टिळकांनी तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१४ साली ते सुटून आले. राजाला मात्र मायदेश पुन्हा दिसला नाही. त्याची थोरली मुलगी पुढे ब्रह्मदेशी गेली, पण परत रत्नागिरीलाच आली आणि १९४७ साली हलाखीत येथेच वारली.

"बाबा, राजाला भेटायला त्याच्या गावचं कुणीच आलं नाही?" कन्येने विचारले. मी म्हटले, "आले ना! २०१२ साली त्या देशाचे अध्यक्ष थेन सेन समाधीपाशी येऊन गेले." तिने बोटांवर हिशेब केला. "शहाण्णव वर्षांनी?"

टिळकांच्या जन्मघरी आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण परक्या मुलखातला तुरुंग म्हणजे काय, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावी आलेल्या पाहुण्याने थिबाला विसरू नये. त्याची समाधी वाड्यात नाही, गावात वेगळ्या जागी आहे. रत्नागिरीला गेलात, तर वाट विचारीत तेथे जा आणि दोन फुले वाहून या. आम्ही वाहिली; फुले कन्येने निवडली होती.