न्यायाधीशाला तिकीट कशाला?

आमच्या घरून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात काउंटी लाइन रोड लागतो. रस्ता अगदी साधा आहे. अलीकडे जॉन्सन काउंटी, पलीकडे वायनडॉट. दोन्ही काउंट्या अमेरिकेतल्या कान्सास राज्यातल्याच, कायदा एक आणि शिक्षेचा तक्ताही एक. पण अलीकडे जिल्हा न्यायाधीशाची नावं एक समिती सुचवते, त्यातून राज्यपाल एकाला नेमतात, आणि काही काळाने त्याला पदावर कायम ठेवायचं की नाही एवढंच लोक मतदानाने ठरवतात. पलीकडे तोच न्यायाधीश रिपब्लिकन नाहीतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. राज्यात 31 न्यायिक जिल्हे आहेत. त्यातले 17 आमच्या पद्धतीचे, 14 पलीकडच्या.

आमचे एक स्नेही विचिटाला असतात. विमानांच्या कारखान्यात आयुष्य काढून आता निवृत्त झालेत. त्यांना आपण विचिटाकर म्हणू. त्यांच्याकडे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर येतात, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. गणपतीच्या जेवणाला भेट झाली तेव्हा विषय निघाला. कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही निवडणुकीने यावेत असा ठराव विधिमंडळाने 2025 साली केला, आणि त्यावर मतदान 4 ऑगस्ट 2026 ला ठरलं. मसालेभाताचं ताट हातात धरून विचिटाकर म्हणाले, "अहो, पाचामुखी परमेश्वर. लोकांनी राज्यपाल निवडायचा, शेरीफ निवडायचा, शाळेचं मंडळ निवडायचं, आणि न्यायाधीश तेवढा वकिलांनी ठरवायचा? का? लोक अडाणी आहेत?"

तालुक्याच्या कोर्टात एमपीएससीची परीक्षा आणि मुलाखत देऊन आलेला न्यायाधीश पाहत आपण वाढतो. त्यामुळे मराठी माणसाला न्यायाधीशाच्या प्रचाराचा फलक पाहूनच हसू येतं. पण हसून उडवून लावावा असा त्यांचा पक्ष नाही, म्हणून तो आधी पुरता मांडतो. ते म्हणतात, ज्याच्या हाती माणसाला तुरुंगात धाडायची सत्ता आहे, त्याला ती लोकांकडूनच मिळाली पाहिजे. समिती नेमली म्हणून राजकारण जात नाही, ते फक्त दाराआड होतं. तुमचं ते कायम ठेवण्याचं मतदान निव्वळ उपचार, कारण त्यात पडतं कोण? आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 2018 साली 17 कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश झाल्या त्या निवडणुकीनेच. वकिलांच्या समितीने एका दमात इतक्या जणींना बसवलं असतं का?

शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून त्यालाच आधी हात घालतो. त्या स्त्रिया न्यायासनावर आल्या ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या कशा आल्या ते पाहू. त्या वर्षी हॅरिस काउंटीतल्या न्यायाधीशांच्या 59 लढती डेमोक्रॅटिक पक्षाने झाडून जिंकल्या. तेव्हा टेक्सासात एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता येत असे, आणि लोकांनी वरच्या पदांवरचा राग पक्षाच्या नावावर काढला. त्या लाटेत वाईट न्यायाधीश गेले तसे चांगलेही गेले. 1994 साली लाट उलटी होती, तेव्हा डेमोक्रॅटिक न्यायाधीश असेच वाहून गेले. 2024 साली काही जागा पुन्हा रिपब्लिकनांकडे वळल्या. पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येईल असं आपण म्हणतो ना, त्यातलीच ही गत. त्या सतरा जणी दगड नव्हत्या, पण त्या दगड नाहीत हे मतपत्रिकेवरून कोणाला कळलं? ज्या लाटेने त्यांना आणलं, तीच उद्या त्यांना नेईल, आणि तेव्हाही त्यांचं काम कसं झालं हे कोणी विचारणार नाही.

"लोक अडाणी आहेत का" या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. लोक अडाणी नाहीत, प्रश्न चुकीचा विचारला जातोय. स्थानिक न्यायाधीशाच्या जागेसाठी दोन अनोळखी वकिलांची नावं समोर ठेवून, यातला पुराव्याचा कायदा कोणाला नीट कळतो, असं मला विचारलं तर मी काय सांगणार? मग मी पक्षाचं अक्षर बघतो. ते नसेल तर नाव कोणत्या जातकुळीचं वाटतं ते बघतो. शिकागोच्या कुक काउंटीत आयरिश वाटणाऱ्या नावांना मतं जास्त पडतात, हे तिथल्या वकिलांना इतकं पाठ झालं होतं की उमेदवारीआधी काहींनी कायदेशीर नाव बदलून आयरिश करून घेतलं. शेवटी अलीकडे नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर जुनंही नाव छापावं, असा कायदा इलिनॉयला करावा लागला. पाचामुखी परमेश्वर खराच, पण त्या पाचांना तंटा ठाऊक असायचा, वादी-प्रतिवादी ठाऊक असायचे. पारावर बसलेले पंच कागदावरचं नाव वाचून निवाडा करत नसत.

बरं, निवडणुकीने न्यायाधीश खरंच लोकांकडून येतो का? विचिटात मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर ती राज्यपाल भरतात, आणि तेव्हा समितीची चाळणी नसते. मग हा नेमलेला गृहस्थ पुढच्या निवडणुकीला विद्यमान न्यायाधीश म्हणून उभा राहतो, आणि कित्येकदा समोर कोणी नसतंच. विचिटाकरांनी आजवर किती न्यायाधीशांना निवडून आणलं आणि किती जणांच्या नावापुढे नुसती खूण केली, हे त्यांनी एकदा बोटांवर मोजून पाहावं.

या मागच्या दाराची पराकाष्ठा कान्सासनेच दाखवली. 1956 साली फ्रेड हॉल हे रिपब्लिकन राज्यपाल स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत हरले. नवे राज्यपाल डेमोक्रॅट जॉर्ज डॉकिंग यायचे होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही पक्षाच्या तिकिटावर निवडून येत, पण मधली रिकामी जागा राज्यपाल भरत. डॉकिंग यांच्या शपथेला थोडे दिवस उरले असताना आजारी सरन्यायाधीश बिल स्मिथ पायउतार झाले. मग हॉल यांनी राज्यपालपद सोडलं. उपराज्यपाल जॉन मॅक्युइश अकरा दिवसांचे राज्यपाल झाले, आणि त्यांनी हॉल यांना सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नेमलं. तीन चालींत काम फत्ते! बेसबॉलच्या भाषेत लोक आजही याला 'ट्रिपल प्ले' म्हणतात. लोकांना याचा इतका वीट आला की 1958 साली त्यांनी घटनादुरुस्तीला मत देऊन सर्वोच्च न्यायालयासाठी समितीची पद्धत आणली.

म्हणजे लोकांचा हक्क वकिलांनी हिसकावला हे म्हणणं कान्सासला तरी लागू पडत नाही. शेजारच्या मिसुरी राज्यालाही नाही. तिथल्या कान्सास सिटीत एके काळी टॉम पेंडरगास्ट यांचं राज्य होतं. कुठल्याही पदावर नसलेला हा माणूस कोण निवडून येणार ते ठरवायचा. 1939 साली तो प्राप्तिकर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला, आणि पुढच्याच वर्षी नागरिकांनी सह्या गोळा करून मतदानाला आणलेली योजना मिसुरीत मंजूर झाली. समितीने तीन नावं द्यायची, राज्यपालांनी त्यातलं एक निवडायचं आणि काही काळाने लोकांनी त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं. ती रद्द करायचा डाव 1942 साली लोकांनीच उधळला. 2008 च्या नोव्हेंबरात आमच्या जॉन्सन काउंटीपुढे पक्षीय निवडणुकीचा प्रस्ताव आला तो लोकांनी फेटाळला, आणि मिसुरीतल्या ग्रीन काउंटीने त्याच दिवशी निवडणूक सोडून समितीची पद्धत घेतली. विचिटाकरांच्या पाचांनीच हे ठरवलं. मग परमेश्वर त्यांच्या मुखी नव्हता का?

पैशाचं प्रकरण सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागला. अपील सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी 2004 च्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी तीस लाख डॉलर ओतले. ते निवडून आले, अपील ऐकायला बसले, आणि निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने फिरला. 2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की बेंजामिन यांनी बाजूला व्हायला हवं होतं. पाच विरुद्ध चार! इतकी उघड गोष्टसुद्धा चौघांना पटली नाही. "मग पक्षाचं नाव काढून टाका" असं कोणी म्हणेल. विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, तरी 2025 साली तिथल्या एका न्यायमूर्तिपदासाठी नऊ कोटी डॉलरहून जास्त उधळले गेले. मेक्सिकोने त्याच वर्षी न्यायाधीश निवडणुकीने आणायला सुरुवात केली, तेव्हा जेमतेम 13 टक्के लोक मतदानाला आले, आणि कोणाला मत द्यायचं याच्या चिठ्ठ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या.

पेनसिल्व्हेनियात लुझर्न काउंटीचे दोन निवडून आलेले न्यायाधीश पैसे घेऊन मुलांना खासगी बंदिगृहात धाडत होते. ते प्रकरण मात्र मी पुढे करणार नाही. लाच खाणारा नेमलेलाही असतो. मला लाच न खाणाऱ्या न्यायाधीशाची काळजी आहे. गॉर्डन आणि ह्युबर या दोन अभ्यासकांनी 2007 साली कान्सासचेच हे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिले. पक्षीय लढतीला तोंड देणारे न्यायाधीश, नुसत्या 'ठेवायचा का' या मतदानाला सामोरे जाणाऱ्यांपेक्षा कडक शिक्षा देतात, असं त्यांना आढळलं. आरोपी तसाच, शिक्षेचा तक्ता तोच, काउंटी लाइन रोड मध्ये. त्या न्यायाधीशाने कोणाकडून पैसा घेतला नाही, त्याने फक्त पुढच्या प्रचारातली आपल्याविरुद्धची जाहिरात मनाशी पाहून ठेवली.

आता माझ्या बाजूचं उणं. याच दोघांनी 2004 साली पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षा तपासल्या, तेव्हा कायम ठेवण्याचं मतदान जवळ आलं की तिथलेही न्यायाधीश शिक्षा वाढवतात असं दिसलं. म्हणजे आमच्या पद्धतीतही भीती आहे. विचिटाकर एकीकडे म्हणतात या मतदानात कोणी पडत नाही, आणि दुसरीकडे आयोवाचं उदाहरण देतात. तिथे 2010 साली, समलिंगी विवाहाच्या निकालावरून, तीन न्यायमूर्तींना लोकांनी घरी पाठवलं. दोन्ही आरोप एकदम खरे कसे असतील ते त्यांनाच ठाऊक. पण आयोवात पुढे काय झालं हे ते सांगत नाहीत. तिघे गेले, त्यांच्या जागी समितीच्या यादीतले तिघे आले, आणि तो निकाल तसाच उभा राहिला. लोकांना राग काढता आला, पण निकाल फिरवून देतो असं वचन देणारा माणूस त्या खुर्चीत बसवता आला नाही. या पद्धतीचं मला मोल वाटतं ते याचसाठी. निवडायला माहिती लागते, ती लोकांकडे नसते. काढायला अनुभव लागतो. ज्याच्या कोर्टात पोराचा ताबा, घराची जप्ती, शेजाऱ्याचा तंटा गेला, त्याला तो असतो.

इथे रामशास्त्र्यांचं नाव काढायचा मोह आवरत नाही. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश म्हणून आपण त्यांची गोष्ट अभिमानाने सांगतो. त्या निवाड्यानंतर त्यांना पुणं सोडावं लागलं, हे मात्र घाईघाईत सांगून टाकतो. नेमणूक चांगली होती, पण संरक्षण नव्हतं. असा बाणेदार माणूस शतकात एखादा. काउंटीच्या कोर्टात बसतात ती साधी माणसं असतात, त्यांची घरं कर्जावर आणि पोरं कॉलेजात. अशा माणसालाही अप्रिय निकाल देऊन दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसता आलं पाहिजे.

वकिलांचं वर्चस्व हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत नऊपैकी पाच वकील, आणि त्या पाचांना निवडणारेही वकीलच. हे बदलायला हवं. पण उवा झाल्या म्हणून कोणी लुगडं टाकून देत नाही. आमच्या जिल्ह्याच्या समितीत वकील आणि इतर नागरिक निम्मेनिम्मे असतात. मुलाखती उघड होतात, कोणीही जाऊन बसावं. मी एकदा ओलाथीला जाऊन बसलो. एका सरकारी वकिलाला समितीतल्या बाईंनी विचारलं, तुम्ही आजवर ज्यांच्याविरुद्ध उभे राहिलात त्या वकिलांपैकी कोण तुमच्याबद्दल वाईट बोलेल, आणि त्यांचं म्हणणं कितपत खरं असेल? गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग एका खटल्यात कागदपत्रं उशिरा दिली होती ते त्यांनी सांगितलं. हा प्रश्न प्रचारसभेत कोण विचारणार, आणि विचारला तर असं उत्तर कोण देणार? प्रेक्षकांत आम्ही चौघं होतो. दाराआडच्या राजकारणाची तक्रार करणाऱ्यांपैकी तिथे कोणी दिसलं नाही.

गेल्या निवडणुकीत आमच्या मतपत्रिकेच्या शेवटी न्यायाधीशांची भलीमोठी रांग होती. प्रत्येकापुढे एकच प्रश्न, यांना पदावर कायम ठेवावे काय? ज्यांच्याबद्दल काही ठाऊक होतं त्यांना बहुतेक 'हो' म्हटलं, एकाला विचार करून 'नाही', आणि उरलेल्या रकान्यांना हात लावला नाही. रात्री विचिटाकरांचा फोन आला. त्यांच्याकडे एक न्यायाधीश पडले होते, पक्षाच्या लाटेत. माणूस चांगला होता, असं त्यांनीच हळहळत सांगितलं.

"तुमच्याकडे कोण निवडून आलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. होते ते राहिले."

"म्हणजे काहीच झालं नाही की."

"नाही," मी म्हटलं.