फुकटचा वेग घ्या, पण व्होल्टेजला हात लावू नका



ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचं आणि व्होल्टेज वाढवायचं नाही, म्हणजे अर्धवट काम, असं मला बरेच जण ऐकवतात. माझं मत उलटं आहे. तुम्ही असेंबलीचं दुकान, गेमिंग कॅफे किंवा एडिटिंग स्टुडिओ टाकणार असाल, तर धंद्याला परवडणारं ओव्हरक्लॉकिंग हेच.

आधी हिशेब बघा. चिपचा वीजखर्च क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नुसता क्लॉक १० टक्के वाढवला, तर खर्च साधारण १० टक्के वाढेल. सोबत व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे जवळपास ३३ टक्के! ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखे ओरडतात, कार्डाचं आयुष्य कमी होतं आणि वॉरंटीचा वाद तुमच्या काउंटरवर येतो.

मग व्होल्टेज न वाढवता वेग येतो कुठून? कंपनीला एका मॉडेलच्या ढीगभर चिप विकायच्या असतात. त्यातली कमजोर चिपही नीट चालावी म्हणून ती थोडी जागा राखून ठेवते. आपण तेवढीच जागा वापरतो. पण ती प्रत्येक चिपमध्ये वेगळी असते, म्हणून मित्राच्या कार्डाची सेटिंग आपल्या कार्डावर कॉपी करायची नाही.

पद्धत सोपी आहे. आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेजचा स्लायडर आहे तिथेच राहू द्या. कोअर क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवा आणि प्रत्येक वेळी टेस्ट लावा. स्क्रीनवर ठिपके-चौकोन दिसले किंवा ड्रायव्हर बंद पडला, की दोन पायऱ्या मागे या. मेमरीचं जरा फसवं असतं. जीडीडीआर५ पासून पुढच्या बऱ्याच मेमरीत चूक पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय आहे. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी मशीन चालू राहतं, फक्त स्कोअर घसरतो. म्हणून "चालतंय की" म्हणू नका, आकडा बघा.

आता माझी चूक सांगतो. माझं दुकान अकोल्यात. एका डिसेंबरमध्ये लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दादांना मी ओव्हरक्लॉक केलेलं मशीन दिलं. चार महिने एकदम मस्त. मे महिन्यात पारा ४४ वर गेला आणि त्यांचं रेंडर मध्येच अडकायला लागलं. व्होल्टेज मी वाढवलं नव्हतं, पण टेस्ट थंडीत केली होती आणि क्लॉक अगदी काठावर ठेवला होता. त्यांची डिलिव्हरी चुकली. मी सेटिंग मूळ जागी आणली, मशीन सुरळीत झालं. पण नंतरचं मशीन त्यांनी दुसरीकडून घेतलं.

कमावलं काय होतं? ६० फ्रेमच्या जागी ६३-६४. गमावला एक कायमचा ग्राहक.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. सापडलेल्या मर्यादेच्या बरंच खाली थांबायचं. टेस्ट भर दुपारी, एसी बंद करून घ्यायची. आणि ग्राहकाचं मशीन त्याने मागितल्याशिवाय ओव्हरक्लॉक करायचं नाही. त्याने मागितलं, तर सेटिंग बिलावर लिहून द्यायची आणि मूळ सेटिंगवर परत कसं यायचं तेही दाखवायचं.

गेमर स्वतःच्या मशीनवर हवे ते प्रयोग करू शकतो, बिघडलं तर त्याचं त्याच्याजवळ. आपण दुकानदार. ग्राहक आपल्याकडून तीन फ्रेम विकत घेत नाही, मेमध्येही मशीन चालेल हा भरवसा विकत घेतो. जाहिरातीत मोठा आकडा लिहिण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.