आईला आत घ्या

कोणत्याही जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाबाहेर थोडा वेळ उभे राहावे. बाकावर, नाहीतर थेट फरशीवर, ओल्या बाळंतिणी बसलेल्या असतात. दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढून आत द्यायचे आणि परिचारिकेच्या हाकेची वाट पाहायची. आईमुळे बाळाला जंतुसंसर्ग होईल, या भीतीपोटी तिला बाहेर ठेवण्याचा हा नियम रुजला. ही भीती आता टिकत नाही.

मे 2021 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, दिल्लीचे सफदरजंग त्यांपैकी एक, एक किलो ते 1.8 किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले गेले. इतर बाळांबाबत प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबण्याची जुनीच रीत पाळली. लगेच कुशीत गेलेल्या बाळांमध्ये पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. संशयित जंतुसंसर्गही घटला. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. 'कांगारू मातृसेवा' म्हणून ही पद्धत 1978 पासून, बोगोटातल्या रुग्णालयात उबपेट्या कमी पडल्यापासून, जगाला ठाऊक आहे. मात्र ती तब्येत सावरलेल्या बाळांसाठी, असेच मानले जात होते.

म्हणूनच आमची मागणी साधी आहे: आईची खाट बाळाच्या खाटेशेजारी हवी. केंद्र सरकारने माता-नवजात कक्षाची कल्पना स्वीकारली आहे. अडते ते जागेपाशी आणि माणसांपाशी. वॉर्मर एका निविदेत येतात, परिचारिकेचे पद मात्र रिकामेच राहते. तीन-चार बाळांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे निकष सांगतो. रात्रपाळीला एकटीवर दहा-बारा बाळे सोपवून तिच्याकडून चूक होऊ नये अशी अपेक्षा ठेवणे हा तिच्यावरही अन्याय आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील शिशू कक्षात 17 पैकी दहा बाळे आगीत दगावली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या, त्या हव्याच होत्या. पण बाळाजवळ चोवीस तास कोण असते, हा प्रश्न तितक्या नेटाने कोणी विचारला नाही.

घरी गेलेल्या बाळाचे काय? याचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केले, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तिथे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 'लॅन्सेट'ने 1999 मध्ये छापले. आज आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, जे करते, ते त्याच कामाचे देशभर पसरलेले रूप आहे. ती कोपरापर्यंत हात धुते, बाळाला झोळीच्या काट्यात तोलते, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते; साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. मग एक हात पोटाला, एक तळपायाला. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठू लागले आहे. यंत्राविना होणारे हे निदान कित्येकदा डॉक्टरांच्या आधी होते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी. त्या सगळ्यांचे मिळून मानधन 250 रुपये, आणि तेही वेळेवर मिळावे म्हणून तिला मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागते.

घरच्यांनीही थोडे ऐकावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, मध-गुटी चाटवू नये, अंघोळीची घाई करू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, तर सकाळपर्यंत थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्यावेत. रेटिनाचा आजार वेळेत सापडला तर दृष्टी वाचते, नाहीतर जन्मभराचे अंधत्व येऊ शकते.

2020 च्या नमुना नोंदणीनुसार देशात हजारी वीस नवजात दगावत होते, महाराष्ट्रात अकरा. अकराचा आकडा दिलासा देतो, पण ती राज्याची सरासरी आहे; मेळघाट, नंदुरबारच्या पाड्यांवरची स्थिती तिच्यात दिसत नाही. यापुढे जिल्ह्यात नवा शिशू कक्ष मंजूर करताना नकाशात आईची खाट आणि आदेशात परिचारिकांची भरलेली पदे नसतील, तर आरोग्यमंत्र्यांनी त्या फायलीवर सही करू नये.