त्या बाकावरचं कुटुंब कुठे गेलं?

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. निम्मे पुण्यात, काही लंडन-टेक्सासला, दोन-तीन जळगावातच. दर काही महिन्यांनी तिथे एकच वाद पेटतो. लंडनवाला लिहितो, गुडघ्याच्या एमआरआयला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. जळगावचा लगेच उत्तर देतो, "ये भो इकडे, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हातात." टेक्सासवाला तर दाढेचं काम दिवाळीत धुळ्याला येऊनच करतो. मग अंगठे, तिरंगे आणि निष्कर्ष: आपलंच भारी.

हा निष्कर्ष खोटा आहे. मीही त्याला अनेकदा अंगठा दिलाय.

गेल्या वर्षी चोपडा तालुक्यातल्या माझ्या काकांच्या छातीत रात्री कळ आली. चुलतभावाने त्यांना जळगावला एका खासगी हॉस्पिटलात आणलं. डॉक्टर चांगले, मशीन नवं. पण आधी काउंटरवर डिपॉझिट. मी पुण्यातून मोबाइलवर पैसे पाठवले आणि काका वाचले. भाऊ नंतर सांगत होता, शेजारच्या बाकावर अजून एक कुटुंब होतं. त्यांचाही माणूस तसाच घामाघूम. ते एकेका नातेवाइकाला फोन लावत होते. थोड्या वेळाने उठून निघून गेले.

लंडनच्या मित्राचं नाव यादीत तरी आहे. इंग्लंडमध्ये अशी ७० लाखांहून मोठी यादी आहे. ती मोजली जाते, छापली जाते आणि तिच्यावरून सरकारला संसदेत बोलणी खावी लागतात. आपल्याकडे रांग दिसत नाही, कारण पैसे नसलेला माणूस रांगेत उभाच राहत नाही. तो बाकावरून उठून घरी जातो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिमचा वेग सर्वांत जलद रिक्वेस्टवरून ठरवत नाही. सर्वांत हळू एक टक्क्याचं काय झालं ते बघतो, आणि फेल झालेल्या रिक्वेस्ट आधी मोजतो. ऑफिसात हे कळतं, ग्रुपवर विसरतो.

"ते श्रीमंत देश आहेत" हे पुढचं उत्तर. भोर समितीने १९४६ साली सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये. ब्रिटनची एनएचएस ५ जुलै १९४८ला सुरू झाली, तेव्हा तो देश युद्धाने कर्जबाजारी झाला होता आणि तिथे रेशनिंग चालू होतं. थायलंडने २००१ साली ३० बाथमध्ये उपचार द्यायला सुरुवात केली. डॉलरमध्ये त्यांचं दरडोई उत्पन्न तेव्हा साधारण आपल्या आजच्याइतकंच होतं. आज तिथे आरोग्यावरच्या एकूण खर्चातले शंभरातले दहाच्या आसपास रुपये लोकांच्या खिशातून जातात. आपल्याकडे २०२१-२२मध्ये ३९ गेले. त्या वर्षी सरकारांचा आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या धोरणात वचन होतं २.५ टक्क्यांचं.

महात्मा फुले योजना आहे ना? आहे. पण ती यादीतल्या हॉस्पिटलात, यादीतल्या उपचारांना. रात्री दोन वाजता कुठलं हॉस्पिटल यादीत आहे, हे पळणाऱ्या माणसाने कुणाला विचारायचं? ऑगस्ट २०२३मध्ये राज्याने आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. चांगलंच केलं. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वगळली, आणि जळगावचं सिव्हिल आता वैद्यकीय महाविद्यालयाचंच आहे.

"सरकारी म्हणजे घाण," असं आपण म्हणतो. जून २०२०मध्ये जळगावच्या सिव्हिलमधून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध कोविड रुग्णाचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठाता निलंबित झाले, देशभर बातमी झाली. तेव्हा आपण सगळे संतापलो, कारण त्या दिवसांत आपल्यालाही तिथे जावं लागलं असतं. साथ ओसरली, आपण मेडिक्लेम काढला आणि संताप संपला. ज्यांचं ओरडणं कलेक्टरपर्यंत पोचतं, तेच सिव्हिलची पायरी चढत नाहीत. मग सिव्हिल सुधारावं कुणासाठी?

मेडिक्लेम माझ्याकडेही आहे आणि मी तो मोडणार नाही. पण इतकं तर करू शकतो: आपल्या आमदाराला मत मागायला आल्यावर सिव्हिलमधल्या रिकाम्या जागा आणि औषधांचा साठा विचारायचा. आणि ग्रुपवर पुन्हा कुणी "संध्याकाळपर्यंत रिपोर्ट" लिहिलं, की अंगठा न देता एवढंच लिहायचं: त्या बाकावरचं कुटुंब कुठे गेलं?