सही नको, प्रश्न विचारा!

विद्यार्थी मित्रहो, मंडईत आपण वांगी घेतो ती विकणाऱ्याचे नाव ऐकून नव्हे. चार ठिकाणी भाव विचारतो, किडकी नाहीत ना ते पाहतो. मग मोठा माणूस समोर आला की ही चौकसबुद्धी कोठे जाते? व्याख्यान संपताच वही पुढे होते, ती फक्त सहीसाठी!

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही मिळेल. अशी उत्तरे ते पाठवीतही.

मात्र ‘विश्वाविषयी सांगा’ हा काही प्रश्न नव्हे. ‘विश्व प्रसरण पावते हे कशावरून कळले?’ हा प्रश्न. आधी पुस्तकात शोधा. अडेल तेथे विचारा.

आणि उत्तर नामवंताचे म्हणून डोळे मिटून स्वीकारू नका. खुद्द नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासह महास्फोट सिद्धांताला आव्हान दिले होते. परंतु १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्याच बाजूला गेले. कौल पुराव्याने दिला, नावाने नव्हे.

शिक्षकहो, शाळेत पाहुणे येण्यापूर्वी मुलांकडून प्रश्नांची वही तयार करून घ्याल ना?