प्रिंटर स्वस्त, शाई महाग!

जून महिना उजाडला की आपल्या घराघरांत कागदांची धावपळ सुरू होते. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रकरण! एकेका कामाला चार-चार प्रती. त्यासाठी औरंगपुऱ्यात किंवा टीव्ही सेंटरला झेरॉक्सच्या दुकानात ताटकळावे लागते. २०२० साली कोरोनामुळे शाळा मोबाईलवर आली, तेव्हा आपल्यातील काही कामगार कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन घरी लहान प्रिंटर आणला. आज मात्र वस्तीत फिरताना आम्हाला त्यांतील बरेच प्रिंटर कपाटावर कापड पांघरून बसलेले दिसतात. का, म्हणून विचारले तर उत्तर एकच : "शाई परवडत नाही!"

बंधू-भगिनींनो, आम्ही पडलो कारकून माणूस. तेव्हा आधी हिशोब मांडू. समजा, काळ्या शाईचे लहान कार्ट्रिज ९०० रुपयांना मिळते आणि त्यात १२० पाने निघतात. म्हणजे एका पानाला साडेसात रुपये झाले, कागद वेगळा. अशा लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते ती जेमतेम चार-पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा! शिवाय कंपनी पानांचा जो आकडा सांगते, तो साधारणपणे पानाचा पाच टक्के भागच छापला जाईल असे धरून. मुलांच्या प्रकल्पातले मोठे चित्र छापले की तो आकडा धडाधड खाली येतो.

आता दुसरी बाजू. शंभर मिलिलिटर शाईची बाटली समजा ३०० रुपयांना मिळाली. चार मिलिलिटर शाई १२ रुपयांची झाली. तेच कार्ट्रिज चार वेळा भरले, तर ९०० अधिक ४८ असे ९४८ रुपयांत ६०० पाने निघतात. पानामागे एक रुपया अठ्ठावन्न पैसे. साडेसात कुठे आणि दीड रुपया कुठे! आपल्या गावचे भाव घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

मग कार्ट्रिज घरी भरता येते का? येते. पण त्याआधी ते चालते कसे, हे समजून घ्यावे. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली, असे कंपनीच सांगते. त्यातूनच ही युक्ती निघाली. कार्ट्रिजच्या तळाशी केसाहून बारीक छिद्रे असतात. तेथील शाई क्षणभर तापते, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला कागदावर ढकलतो. एचपी व कॅननच्या बऱ्याच लहान प्रिंटरांत ही छिद्रांची पट्टी कार्ट्रिजलाच असते. शाई नसताना छापत राहिलो तर ती पट्टी नुसतीच तापते आणि जळते. म्हणून पहिला नियम असा : अक्षर फिकट होताच थांबावे. "अजून दोन पाने निघतील" हा मोह नको.

भरण्याची रीत सोपी आहे. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, हातमोजे घालावेत, लहान मुलांना दूर ठेवावे. शाई आपल्या कार्ट्रिजच्या नंबरसाठीची मागून घ्यावी. शिक्क्याची किंवा फाउंटन पेनची शाई चालत नाही, आणि पुरवठ्याला यावी म्हणून शाईत पाणी तर मुळीच घालू नये. कार्ट्रिजवरचे लेबल हळूच उचलले की खाली भोके दिसतात. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात. कोणत्या भोकाखाली कोणता रंग, हे दात कोरायची स्वच्छ काडी घालून पाहावे, आणि प्रत्येक भोकासाठी नवी काडी घ्यावी. आत स्पंज असतो. सुई त्यात अलगद खुपसून शाई थेंबाथेंबाने सोडावी. घाई केली तर स्पंजात हवा अडकते. काळ्यासाठी तीन-चार मिलिलिटर, रंगीत कप्प्याला एकेक मिलिलिटर पुरे. भोकाशी शाई वर आली की लगेच थांबावे. दर रंगाला वेगळी सिरिंज हवी, नाहीतर पिवळ्याचा हिरवा होतो.

लेबल परत चिकटवावे, पण हवेची वाट घट्ट बुजवू नये. हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही. मग मऊ कागदाच्या घडीवर छिद्रांची बाजू हलकेच टेकवावी, घासू नये. छिद्रे सुकली असतील तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कागदावर दोन मिनिटे ठेवावे. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार छिद्रांत बसतात. वापरलेली सुई टोपण घालून जाड डब्यात बंद करावी. कचरा उचलणारे हातही आपल्याच माणसांचे असतात.

भरल्यावरही प्रिंटर "शाई संपली" असे सांगत राहतो. त्याला कोणी शाई घातली हे कळत नाही, तो फक्त छापताना उडालेल्या थेंबांचा हिशोब ठेवतो. बहुतेक साध्या प्रिंटरांत ती सूचना मान्य करून पुढे जाता येते. मात्र दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. भरलेल्या शाईमुळे बिघाड झाला तर कंपनी हमीत दुरुस्ती नाकारू शकते. आणि एकच कार्ट्रिज जन्मभर पुरत नाही. काही वेळा भरल्यावर ते थकतेच.

आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा तर कार्ट्रिजचा वैरीच. एप्रिल-मे मध्ये आठवड्याला एक तरी पान छापावे. प्रिंटर बंद करताना भिंतीवरचा खटका दाबू नये, प्रिंटरचेच बटण दाबावे. म्हणजे तो कार्ट्रिज जागेवर नेऊन झाकतो आणि शाई सुकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाजारातील स्वस्त शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मुलीने पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याची प्रत घरच्या प्रिंटरवर काढून साक्षांकित करून घेतली. वाटेत पावसाने गाठले आणि जन्मतारीख, जात, दाखल झाल्याचा दिनांक, सारे ओघळून निळसर डाग उरले! अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला किती वजन असते, हे आपल्या घरांना सांगायला नको. मूळ कागद घरी होता म्हणून निभावले. पण पुन्हा प्रत, पुन्हा साक्षांकन, आणि वडिलांचा एक रोज बुडाला. तेव्हा शाई भरल्यावर एक पान छापून, वाळवून, त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अक्षर पसरले तर ती शाई अभ्यासाच्या नोट्सना, सराव प्रश्नपत्रिकांना वापरावी. दाखल्यांच्या प्रती दुकानात लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवरच काढाव्यात. त्यांची कोरडी भुकटी तापवून कागदावर बसवलेली असते, पावसाने ती ओघळत नाही. तिथे दोन रुपये वाचवू नयेत.

कार्ट्रिज भरणे म्हणजे काही चोरी आहे का, असेही कोणी विचारतात. वस्तू आपण पैसे मोजून घेतली, ती आपली झाली. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने भरलेली टोनर कार्ट्रिजे विकणाऱ्यावर पेटंटचा दावा लावला होता. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एकदा माल विकला की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. तरी कंपन्या गप्प बसत नाहीत. २०१६ साली एचपीच्या काही प्रिंटरांनी परकी कार्ट्रिजे अचानक नाकारली, तेव्हा ग्राहकांनी ओरड केली आणि कंपनीला तोड काढून द्यावी लागली. ग्राहक एकत्र बोलला की ऐकावे लागते!

म्हणून नवा प्रिंटर घेताना दुकानदाराला यंत्राच्या किमतीआधी शाईची किंमत विचारावी. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात शाईच्या टाकीचे प्रिंटर आणले, पुढे इतर कंपन्यांनीही काढले. यंत्र महाग पडते, पण ७० मिलिलिटरच्या काळ्या बाटलीत कंपनीच्या हिशोबाने चार हजार पाने निघतात. एका घराला न झेपल्यास चार घरांनी मिळून घ्यावे, अभ्यासिकेत ठेवावे, वही घालून पानाचा जमाखर्च लिहावा.

आणि थकलेली कार्ट्रिजे उकिरड्यावर फेकू नयेत, जाळू तर नयेच. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. ती वेगळी साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावीत.

येत्या रविवारी कपाटावरचा तो प्रिंटर खाली काढा, धूळ पुसा. पोराबाळांना जवळ बसवून त्याच्या पोटात काय आहे ते दाखवा. चमचाभर शाईपायी मुलांचा अभ्यास अडता कामा नये.